लहान होडीवर फिश फाइंडर: कुठला घ्यायचा आणि कसा बसवायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भुसावळ-मुक्ताईनगरकडून, शहादा-नवापूरकडून, कधी चाळीसगावहून फोन येतात आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे सगळे एका जागी लिहून ठेवतोय. मी स्वतः तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर बारा फुटी फायबर बोट चालवतो, आणि ओळखीतल्या लोकांच्या होड्यांवर बरेच सेट बसवून दिलेत. एक गोष्ट आधीच सांगतो, दहातल्या आठ तक्रारी सेटच्या नसतात, बसवण्याच्या असतात. त्यामुळे घाई असेल तर बाकी राहू द्या, प्रश्न ७ मात्र नीट वाचा.

१. फिश फाइंडर म्हणजे पाण्यातला कॅमेरा का? मासा खरंच दिसतो का?

कॅमेरा नाही, आवाजाचं यंत्र आहे. पाण्यात बुडवलेला ट्रान्सड्यूसर (सगळे त्याला सेन्सरच म्हणतात, मीही तेच म्हणेन) खाली आवाजाचा ठोका सोडतो, तो तळावर आपटून परत येतो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळेवरून खोली काढली जाते. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, म्हणजे १० मीटर पाण्यात हा सगळा प्रवास सेकंदाच्या साधारण पंचाहत्तराव्या भागात उरकतो. मधे मासा आला तर त्याच्या पोटातल्या हवेच्या फुग्यावरून आवाज परततो आणि तेच आपल्याला स्क्रीनवर दिसतं. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे स्क्रीनची उजवी कड हीच आत्ताची, बाकी डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. डावीकडे मासा बघून लोक तिथेच गळ टाकतात, तोवर होडी पुढे आलेली असते.

२. आपल्या धरणांवर ह्याची गरज आहे का? आमचे आजोबा-वडील तर ह्याच्याशिवाय मासे पकडत आले.

काय पकडता त्यावर आहे भो. मरळ काठाच्या गवतात, दोन-तीन फूट पाण्यात असते, तिथे हा सेट काही कामाचा नाही, पैसे वाचवा. पण कटला, रोहू, शिंगाळा, खोल पाण्यातलं काम असेल, किंवा जाळी टाकत असाल, तर उपयोग आहे आणि तो मासा दिसण्यापेक्षा तळ दिसण्याचा जास्त आहे. उकई धरणाच्या फुगवट्यात नवापूरकडे आणि नर्मदेवर अक्कलकुवा-धडगाव बाजूला सरदार सरोवराच्या पाण्याखाली जुनी झाडं, शेतांचे बांध, घरांचे चौथरे आहेत. नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं त्या पाण्याच्या बुडितात आली. खुंटात जाळं अडकून फाटलं की किती नुकसान होतं ते जाळंवाल्यालाच माहीत. खाली खुंट आहेत का साफ तळ आहे एवढं आधी कळलं तरी सेटचे पैसे निघतात असं माझं प्रामाणिक मत आहे.

हतनूरचं उलट आहे, तिथे तापीबरोबर पूर्णेची काळी माती येऊन गाळ बसलाय, चांगदेवच्या संगमाकडे तर जुना माणूस सांगतो ती खोली आता बऱ्याच ठिकाणी राहिलीच नाही. तिथे नदीचा जुना पात्र-मार्ग शोधायला सेट लागतो, कारण उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोठा मासा त्या खोलगट पट्ट्यात सरकतो.

३. पहिला सेट कुठला घेऊ? दुकानदार सात इंची, साइड इमेजिंगवाला सांगतोय.

लहान होडीला पाच इंची स्क्रीन पुरते. चार इंचीही चालते पण उन्हात आणि हलत्या होडीत आकडे वाचताना डोळे ताणावे लागतात. सात इंची तेव्हाच घ्या जेव्हा स्क्रीनचे दोन भाग करून एकीकडे नकाशा, एकीकडे सोनार (आवाजावरून काढलेलं पाण्याखालचं चित्र) बघायचं असेल, आणि बॅटरीही तेवढी मोठी न्यायची तयारी असेल.

सेटमध्ये मी तीन गोष्टी बघतो. चर्प सोनार असावं, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर ठोके न देता एक पट्टाच वापरला जातो आणि जवळजवळचे दोन मासे वेगळे दिसतात. जीपीएस असावं (प्रश्न ५ बघा). आणि सेन्सर बरोबर मिळणारा असावा, वेगळा घ्यायला लागणारा नको. डाउन इमेजिंग (होडीच्या सरळ खालचं बारीक चित्र) मिळालं तर खुंट आणि झाडांच्या फांद्या फोटोसारख्या स्पष्ट दिसतात, बुडित क्षेत्रात काम असेल तर ते घ्याच. साइड इमेजिंग (होडीच्या दोन्ही बाजूंचं चित्र) चांगलंच आहे पण त्याला बोट सरळ रेषेत, एकसारख्या सावकाश वेगात न्यावी लागते, वल्ह्याच्या होडीत ते जमत नाही, प्रत्येक वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे जातं आणि चित्र मोडतं. गार्मिन, लॉरेन्स, हमिनबर्ड, तिघांचे छोटे सेट ह्या कामाला चालतात. बाहेरून मागवलेला असेल तर वॉरंटी कोण देणार ते बिलावर लिहून घ्या.

आणि वॅट (आवाजाची ताकद), "इतके हजार फूट खोली" ह्याच्या मागे लागू नका. आपल्याकडे सगळ्यात खोल पाणी नर्मदेच्या बाजूला, तिथेही साधा छोटा सेट तळ दाखवतो.

४. ८३ आणि २०० किलोहर्ट्झ, कुठली फ्रिक्वेन्सी ठेवू?

सेन्सरचा आवाज खाली सुळक्यासारखा पसरत जातो. २०० ला तो सुळका अरुंद, साधारण २० अंशांचा धरा, म्हणजे १० मीटर खोलीला तळावर साडेतीन मीटरचंच वर्तुळ दिसतं. ८३ किंवा ७७ ला रुंद, ६० अंशांच्या आसपासचा असेल तर त्याच खोलीला साडेअकरा मीटरचं वर्तुळ. रुंद सुळक्यात मासे जास्त दिसतात पण ते होडीच्या बरोबर खाली असतीलच असं नाही, आणि तळाचे बारकावे पुसले जातात, उतारावर तर खोली कमी दाखवतो कारण वर्तुळातला सगळ्यात जवळचा भाग आधी आवाज परत पाठवतो. मी जाळ्यासाठी तळ बघताना २०० ठेवतो, नुसतं फिरून मासा कुठल्या भागात आहे ते बघायला रुंद.

५. ह्यात आपल्या धरणांचे नकाशे येतात का?

गिरणा, वाघूर, हतनूर असल्या धरणांच्या तळाचे तयार नकाशे सेटमध्ये येतील ह्या आशेवर पैसे देऊ नका. पण काही सेट तुम्ही फिराल तसा खोलीचा नकाशा स्वतः बनवत जातात, ते फार कामाचं. चार-पाच फेऱ्यांत आपल्या नेहमीच्या भागाचा चांगला नकाशा तयार होतो. धरणाचं पाणी वर-खाली होतं हे मात्र ध्यानात धरा, ऑक्टोबरचे आकडे मे महिन्यात लागू नाहीत, म्हणून फेरीच्या दिवशीची पाण्याची पातळी वहीत लिहून ठेवा. जाळ्याची दोन्ही टोकं, खुंटांची जागा, परतीचा घाट, हे सगळे पॉइंट सेव्ह करा. हिवाळ्यात पहाटे तापीवर धुकं पडलं की काठ दिसत नाही, तेव्हा घाटाचा तो एक पॉइंट फार मोलाचा.

६. बॅटरी कुठली लावू? मोटरसायकलची चालेल का?

सेट १२ व्होल्टवर चालतात. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी सगळीकडे मिळते आणि पहिल्यांदा तीच घ्या. हिशेब असा, सेट अर्धा अँपिअर ओढत असेल आणि बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही (उतरवली तर लवकर मरते), तर सात तास मिळतात. मोठी स्क्रीन एक अँपिअर ओढत असेल तर साडेतीनच. मोटरसायकलची अ‍ॅसिडवाली बॅटरी चालते, पण होडी कलली की अ‍ॅसिड सांडतं, मी नको म्हणेन. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्टची बॅटरी हलकी आणि टिकाऊ, जमत असेल तर तीच घ्या.

फ्यूज लावाच. बॅटरीच्या प्लस टोकाजवळ, माहितीपत्रकात दिला असेल तेवढ्या अँपिअरचा, बऱ्याच छोट्या सेटला ३ चा असतो. सेटजवळ लावलेला फ्यूज मधली वायर घासून शॉर्ट झाली तर काही वाचवत नाही.

ई-रिक्षाचा ४८ व्होल्टचा पॅक असेल तर त्याच्या मधूनच १२ व्होल्ट काढायचा जुगाड करू नका, सेल असमान उतरतात आणि सेटही जातो. आणि दोरी ओढून चालू होणाऱ्या छोट्या आउटबोर्डच्या लाइटच्या वायरवरून थेट सेट चालवू नका, तिथलं व्होल्टेज मोटरच्या वेगाबरोबर वर-खाली होतं.

७. मोटरच्या फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियम बोटीवर सेन्सर नक्की कुठे बसवायचा?

मागच्या फळ्यावर, म्हणजे जिथे मोटर अडकवतो त्या ट्रान्समवर. नियम एकच, सेन्सरच्या तोंडावरून चालत्या बोटीत बिनबुडबुड्याचं, गुळगुळीत पाणी गेलं पाहिजे. हवेचा बुडबुडा म्हणजे आवाजाला भिंत.

म्हणून जागा निवडताना बोट काठावर उलटी करा किंवा मागून वाकून तळ बघा. तळाला लांब पट्ट्या असतात, रिव्हेटच्या ओळी असतात, पाणी काढायचं बूच असतं, ह्यांच्या सरळ मागे सेन्सर लावायचा नाही कारण त्या प्रत्येकातून बुडबुड्यांची शेपूट निघते. पंख्यापासून निदान ३८ सेंटीमीटर लांब. बाजू कुठली, तर पंख्याची पाती जिकडे खाली येतात ती. बहुतेक एका मोटरच्या बोटीत मागून बघितलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, म्हणून उजवी बाजू. उंची अशी की फायबर बोटीत सेन्सरचं तोंड तळापेक्षा ३ मिलिमीटर खाली, अ‍ॅल्युमिनियममध्ये १० मिलिमीटर. आणि बोट पाण्यात ज्या कलाने बसते त्या स्थितीत सेन्सरचं तोंड सपाट, काठावर ट्रॉलीवर असताना लेव्हल लावून उपयोग नाही.

आता माझं सांगतो. पहिल्या बोटीला मी सेट आला त्याच संध्याकाळी ड्रिल लावलं, जागा मोकळी दिसली म्हणून. दुसऱ्या दिवशी मोटर जरा ताणली की तळ गायब, आकडे उड्या मारायला लागले. मग कळलं की सेन्सर तळाच्या पट्टीच्या अगदी मागे आलाय. चार इंच बाजूला सरकवला, परत भोकं, तिथे उंची चुकली, परत भोकं. जुनी भोकं साध्या लांबीने (पुट्टीने) बुजवली होती. पुढच्या उन्हाळ्यात ट्रान्समवर हाताचं बोट टेकवून दाबलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं, फायबरच्या मधलं प्लायवूड वर्षभर पाणी पीत बसलं होतं. अख्खा ट्रान्सम नव्याने भरावा लागला.

तेव्हापासून मी आधी सेन्सर एका लाकडी पट्टीला बांधून ती पट्टी सी-क्लॅम्पने ट्रान्समला धरतो, सावकाश, मध्यम आणि पूर्ण वेगात फिरवून बघतो, आणि तीनही वेगांत तळ टिकला की मगच भोक. भोक जास्त खोल होऊ नये म्हणून ड्रिलच्या बिटाला चिकटपट्टीची खूण, भोकात बोटीचं पॉलियुरेथेन सीलंट भरून, स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच.

८. बोट नवी आहे, भोक पाडायचंच नाही. काही उपाय?

आहे. जाड प्लास्टिकचा अर्धा-पाऊण इंची तुकडा बोटीसाठीच्या चिकटद्रव्याने ट्रान्समवर चिकटवा आणि सगळे स्क्रू त्या तुकड्यातच घ्या, स्क्रूची लांबी तुकड्याच्या जाडीपेक्षा कमी. चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरबरीत करा. पुढे सेन्सर बदलला तरी बोटीला हात लावायला लागत नाही. फळ्या चिकटवून बनवलेल्या लाकडी बोटीला मी नेहमी हेच करतो.

९. फायबरच्या आतून चिकटवला तर चालतो म्हणतात, खरं का?

एकसंध फायबर असेल तर हो. मधे फोम, हवेची पोकळी किंवा लाकूड असेल तर नाही. आधी प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून, सेन्सर त्यात ठेवून ती पिशवी बोटीच्या तळाला आतून टेकवून बघा, तळाचं रीडिंग बाहेर लटकवलेल्या सेन्सरइतकंच आलं तर एपॉक्सीने चिकटवा, बुडबुडा न ठेवता. पाण्याचं तापमान मग खरं मिळत नाही, आणि डाउन किंवा साइड इमेजिंग आतून चालत नाही.

१०. आमची पत्र्याची वल्ह्याची होडी आहे, मोटर नाही, मागे सपाट फळा पण नाही. मग?

मग पाइप. खान्देशात निम्म्याहून जास्त लोकांना हेच लागतं आणि माहितीपत्रकात नेमकं हेच नसतं. एक इंची अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, पीव्हीसी पण चालतो पण प्रवाहात वाकतो आणि थरथरतो. खालच्या टोकाला सेन्सरचा ब्रॅकेट, वर होडीच्या कडेला सी-क्लॅम्प. सेन्सर होडीच्या तळाच्या खाली तीन-चार इंच जाईल एवढी लांबी. वल्हं लागणार नाही अशा जागी, बसणाऱ्याच्या थोडं मागे.

पाइप क्लॅम्पला एकाच बोल्टवर ठेवा आणि बोल्ट बेताचाच आवळा. खुंटाला अडकला तर पाइप मागे फिरून सुटला पाहिजे. घट्ट जखडलेला पाइप झाडात अडकला आणि मागून वारा असला तर छोटी होडी कलते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पाइपला वरून एक दोरी होडीला बांधलेली असू द्या, क्लॅम्प निसटला तर सेन्सर तळाला जाणार नाही.

सारंगखेड्याच्या बॅरेजवर एका भोई काकांच्या होडीला असाच पाइप लावून दिला. काका जन्मभर दगड बांधलेल्या दोरीने पाणी मोजत आलेले, दोरीला दर हाताला गाठ. सेटने १७ फूट दाखवलं, त्यांनी लगेच दोरी सोडली, गाठी मोजल्या आणि म्हणाले, "भाऊ, दोरी खोटं नही सांगस." दोरी साडेअठरा सांगत होती. दोघंही बरोबर होते, सेन्सरच पाण्याखाली दीड फूट होता आणि सेट तिथून खाली मोजत होता. सेटिंगमध्ये कील ऑफसेट म्हणून एक आकडा असतो, तिथे अधिक दीड फूट टाकलं आणि दोरी नि सेट जुळले. काकांनी तीन ठिकाणी परत दोरी टाकून बघितली, मगच सेटवर विश्वास ठेवला. तुम्हीही पहिल्या दिवशी तसंच करा.

११. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्यूबवर लावता येईल का?

बॅटरी, पाइप, स्क्रीन सांभाळत तराफ्यावर बसणं धोक्याचं आहे, मी लावून देत नाही. त्यापेक्षा गळासारखा फेकायचा, मोबाइलला जोडला जाणारा गोळा मिळतो, तो काठावरूनही चालतो. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा, आणि उन्हात स्क्रीन कमी दिसते हे धरून चला.

१२. सावकाश सगळं नीट, वेग वाढला की तळ जातो. सेट खराब आहे का?

जवळजवळ नेहमी बुडबुडे. सेन्सर दोन-तीन मिलिमीटर खाली घेऊन बघा, मग त्याची मागची बाजू अगदी जराशी खाली झुकवा, तरी नाही जमलं तर जागाच चुकली, प्रश्न ७.

१३. स्क्रीनवर उभ्या रेषा किंवा पावसासारखे ठिपके येतात.

मोटर बंद करून बघा. रेषा गेल्या तर विजेचा त्रास आहे. सेटची बॅटरी मोटरच्या बॅटरीपासून वेगळी करा, सेन्सरची केबल मोटरच्या वायरीसोबत बांधू नका, दोन्ही विरुद्ध कडेने न्या. मोटर बंद असूनही ठिपके असतील तर सेन्सिटिव्हिटी (सेट किती बारीक आवाज पकडतो ते सेटिंग) खूप वाढवलेली असते, थोडी उतरवा. शेजारच्या होडीत त्याच फ्रिक्वेन्सीचा सेट चालू असला तरी असं होतं, एकाने फ्रिक्वेन्सी बदलली की थांबतं.

१४. माशाची कमान दिसत नाही, नुसती आडवी रेष येते. आणि फिश आयडी चालू ठेवू का?

कमान होडी चालत असेल तरच बनते. मासा सुळक्याच्या कडेला असताना लांब, मधोमध आला की जवळ, परत लांब, त्या बदलाची ती कमान. होडी नांगरून उभी असेल आणि मासा खाली थांबला असेल तर आडवी रेषच येणार, तो मासाच आहे. कमानीच्या लांबीवरून माशाचा आकार ठरवू नका, जाडी बघा.

फिश आयडी बंद ठेवा. तो फांदी, गवत, बुडबुडा, सगळ्यालाच मासा काढून दाखवतो. आठवडाभर अवघड जाईल, पण कच्चं चित्र वाचायला शिकलात की परत लावणार नाही.

१५. खाली दगड आहे का गाळ, कसं ओळखायचं?

कडक तळ जाड, ठळक पट्ट्यात येतो आणि बरेचदा दुप्पट खोलीवर त्याचीच दुसरी फिकी रेष दिसते. गाळ पातळ, फिका, कडा धूसर. आपलीच खात्री करायला घाटाजवळ जिथे दगडी तळ माहीत आहे तिथे एकदा बघा, मग मधल्या गाळावर, आणि फरक डोळ्यात बसवा. गाळात सेन्सिटिव्हिटी दोन पायऱ्या वर लागते. तळावरून उभी, वाकडी रेघ वर आलेली दिसली तर खुंट समजा आणि जाळं तिथे नको.

१६. दोन-तीन फूट पाण्यात खोली भलतीच दाखवतो.

खूप उथळ पाण्यात सेट दुसऱ्यांदा परतलेला आवाज धरतो आणि दुप्पट आकडा देतो, गवत दाट असेल तर गवताच्या शेंड्यालाच तळ समजतो. रेंज ऑटोवरून काढून हाताने १० फूट ठेवा. तरी नाही जमलं तर तिथे वल्ह्यानेच मोजा.

१७. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात सेट टिकतो का?

चालवायची मर्यादा बऱ्याच छोट्या सेटना ५५ अंश दिलेली असते, हवा त्याच्या आत असली तरी भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या होडीत उघड्यावर ठेवलेला काळा डबा सहज त्याच्या वर जातो. स्क्रीन काळवंडली तर लगेच बंद करून सावलीत ठेवा, थंड पाणी ओतू नका. वापर नसेल तेव्हा पांढऱ्या सुती कापडात. बॅटरीवर पण सावली हवी. पोलराइज्ड गॉगल घातला असेल आणि स्क्रीन काळी दिसली तर आधी गॉगल काढून बघा.

१८. पावसाळ्यात, गढूळ पाण्यात चालतो का?

गढूळपणाने आवाज अडत नाही, पण पुराच्या पाण्यात मिसळलेली हवा आणि कचरा स्क्रीन भरून टाकतो. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, ते उघडले की खालच्या अंगाला तापी बघता बघता चढते. त्या दिवसांत सेट चालतो का हा प्रश्नच नाही, होडी काठावर बांधून ठेवा.

१९. सेन्सरची केबल जास्त लांब आहे, कापू का? जुन्या सेटचा सेन्सर नव्याला चालेल का?

कापू नका. आतलं आवरण परत नीट जुळत नाही आणि प्रश्न १३ मधला त्रास सुरू होतो. जास्तीची केबल सैल वेटोळं करून कोरड्या जागी बांधा. जुना सेन्सर पिन बसली तरी चालेल असं नाही, फ्रिक्वेन्सी आणि मॉडेल जुळतं का ते कंपनीच्या यादीत बघूनच लावा. सेन्सरचं तोंड महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने पुसा, शेवाळ बसलं की रीडिंग फिकं येतं. थिनर किंवा पेट्रोल लावू नका.

२०. सेट घेतला, आता कुठल्याही धरणावर जाऊ का?

नाही. मासेमारीसाठी बरेच तलाव आणि धरणं मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असतात. आधी तिथल्या संस्थेला भेटा, गळासाठी असेल तरी विचारा, बंदीचे दिवसही तेच सांगतील. हतनूरवर हिवाळ्यात बाहेरून पक्षी येतात, त्यांच्या थव्यांपासून होडी लांब ठेवा. आणि संस्थेच्या लोकांना तुमचे खुंटांचे पॉइंट द्या, त्यांची जाळी तिथेच फाटतात.